तांब्याची काळवंडलेली भांडी चिंच-मिठाने कशी उजळायची

तांब्याचं भांडं काळं पडलं की हात आधी घासणीकडे जातो. मनगट दुखेपर्यंत घासलं तरी काठाच्या दुमडीत काळं राहतंच, आणि ओरखडे मात्र कायमचे उमटतात. हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: तांबं जोराने उजळत नाही, आंबटाने उजळतं. भांड्यावरचा काळपट थर म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावलेलं तांबंच असतं. आधी लालसर तपकिरी, मग गडद, मग काळा असा तो चढत जातो. चिंच, लिंबू, आमसूल यांच्यातल्या आम्लात हा थर विरघळतो, आणि मीठ सोबतीला असलं तर फार लवकर विरघळतो. आपण थोडं थांबायचं, अलगद चोळायचं, आणि नंतरचं धुणं-पुसणं मन लावून करायचं. 'कालच घासलं आणि आज पुन्हा काळं' ही तक्रार बहुतेक वेळा धुण्या-पुसण्यातल्या घाईमुळे येते.

आधी भांडं ओळखा

घरात तांब्याचं म्हणून जे काही असतं ते सगळं एकाच पद्धतीने धुवायचं नसतं. हंडा, कळशी, तांब्या, घंगाळ, बंब, पंचपात्र, पळी, ताम्हण ही भांडी बहुधा आतून-बाहेरून निखळ तांब्याची असतात. पुढे दिलेली कृती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

स्वयंपाकाचं पातेलं किंवा तपेली आतून पांढरट रुपेरी दिसत असेल तर तिला कल्हई केलेली आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, मऊ थर. त्यावर चिंच-मीठ चोळायचं नाही. बाहेरची बाजू मात्र खुशाल उजळा.

भेट म्हणून मिळणाऱ्या बाटल्या, शोभेचे कलश, भिंतीवरच्या थाळ्या यांच्यावर कित्येकदा पारदर्शक लेप असतो. वर्षभर हात न लावताही वस्तू एकसारखी चकाकत असेल आणि कोपऱ्यात चिंच लावून पाहिल्यावर रंगात काहीच फरक पडत नसेल, तर लेप आहे असं समजा. अशी वस्तू साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि पुसा. नक्षी किंवा मीनाकाम रंगवलेलं असेल तर तिथे आंबट लावूच नका.

स्टीलच्या भांड्याच्या बुडाला जे तांबं असतं त्याचा थर पुष्कळदा अगदी पातळ असतो. त्याला चिंचेचा कोळ मऊ कापडाने लावावा, पावडर आणि घासणी दोन्ही टाळावी. जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूबद्दल शंका असेल तर चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

समई, निरांजन, पितळी डबे यांच्यातही तांबं असतंच, पण जस्ताबरोबर मिसळलेलं. पितळेलाही चिंच चालते, फक्त दोन-तीन मिनिटांच्या वर ठेवायची नाही. जास्त वेळ ठेवली तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि पिवळ्या पितळेवर तांबूस डाग पडतात.

बसायची जागा

हे लिहावंसं वाटतं कारण भांडं चकचकीत होतं आणि फरशी खराब होते, असं पुष्कळ घरांत घडतं. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या अंशाचे दगड आहेत. चिंच-लिंबाचं पाणी त्यांच्यावर सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते आणि ती घासून परत येत नाही. काम प्लास्टिकच्या टबात किंवा स्टीलच्या सिंकमध्ये करा. लोखंडी घमेलं आणि ॲल्युमिनियमची परात नको, कारण पाण्यात उतरलेलं तांबं त्यांच्यावर चढून बसतं. बोटाला चीर असेल तर हातमोजे घाला, चिंच-मीठ फार झोंबतं.

मुख्य कृती

एका लिटरभर तांब्यासाठी लिंबाएवढा चिंचेचा गोळा, अर्धी वाटी कोमट पाणी आणि चमचाभर मीठ पुरतं. हंड्यासाठी मूठभर चिंच घ्या. स्वयंपाकाची नवी चिंच वापरायची गरज नाही; बरणीच्या तळाशी राहून काळी पडलेली जुनी चिंच या कामाला उत्तम.

१. चिकटपणा काढा. तेला-तुपाच्या थराखाली आंबट शिरत नाही, म्हणून भांडं आधी गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा. चुलीची राख मिळत असेल तर ती वस्त्रगाळ करून ओल्या हाताने चोळा. राखेतला क्षार तेलकटपणा तोडतो. शहरात राखेच्या जागी खायचा सोडा वापरा. ताम्हण आणि निरांजनाच्या कडांना वाळलेलं तूप, गंध, हळदकुंकू बसलेलं असतं, तिथे दातांचा जुना ब्रश फिरवा. नंतर सगळं स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. सोडा राहिला तर चिंचेचं आम्ल त्यातच खर्ची पडेल. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायचा सल्ला म्हणूनच कामाचा नाही: फेस दिसतो छान, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात.

२. चिंच भिजवा. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून कुस्करा. चिंचोके आणि कवचाचे तुकडे काढा, कारण ते टणक असतात. कोळ आणि चोथा दोन्ही ठेवा. चोथ्याइतकी चांगली घासणी तांब्याला दुसरी नाही: मऊ, भांड्याच्या गोलाईवर बसणारी आणि आंबटाने भरलेली.

३. मीठ घाला. साधं बारीक मीठ घ्या. मिठाचा कण तांब्यापेक्षा मऊ असतो, त्यामुळे त्याने ओरखडे पडत नाहीत. मिठातल्या क्लोराइडमुळे काळा थर सुटायला मोठी मदत होते. नुसती चिंच आणि मीठ घातलेली चिंच एकाच भांड्यावर शेजारी शेजारी लावून बघा, फरक लगेच कळेल.

४. लावा आणि थांबा. चोथ्याने सगळीकडे, आतून-बाहेरून लावा. तीन ते पाच मिनिटांत काळपट रंग सरकून खालून गुलाबीसर तांबं दिसू लागतं. हा लेप भांड्यावर वाळू मात्र द्यायचा नाही. वाळलेल्या आंबटाचे ओघळ आणि ठिपके उमटतात, आणि मग ते काढायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उन्हाळ्यात किंवा पंख्याखाली बसला असाल तर मधूनमधून कोळाचा हात फिरवत राहा.

५. अलगद चोळा. चोथा गोल गोल फिरवा. एखादा डाग गेला नाही तर जोर वाढवू नका, ताजा कोळ आणि चिमूटभर मीठ लावून आणखी पाच मिनिटं थांबा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या हंड्याला असे तीन-चार हात लागतात. हे नेहमीचंच आहे.

६. भरपूर पाण्याने धुवा. काठाची दुमड, कडीचे जोड, बुडाची कंगणी या जागांत मीठ लपून बसतं आणि दोन-चार दिवसांत तिथेच हिरवे ठिपके उगवतात. ब्रशने त्या जागा धुवा. त्यानंतर तांब्याभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा विरघळवून तो हात फिरवा, उरलंसुरलं आम्ल निघून जातं. शेवटी पुन्हा साधं पाणी.

७. लगेच पुसा. निथळत ठेवू नका. जुना सुती पंचा किंवा धोतराचं फडकं घेऊन आतून-बाहेरून कोरडं करा, मग दहा मिनिटं उन्हात पालथं ठेवा. पाण्याचा थेंब तसाच वाळला की त्या जागी गडद वर्तुळ उठतं, बोअरच्या जड पाण्याने तर नक्कीच.

भांडं आता गुलाबी दिसेल. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी चुकलं, मुलामा उडाला की काय! तांब्याचा ताजा रंग तोच आहे. काही दिवसांत तो आपला नेहमीचा लालसर होतो. मुंबईत आणि कोकणात दमट, खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं, देशावर जरा सावकाश.

उरलेलं काळपट-निळसर पाणी मोरीत ओता. त्यात तांब्याचे क्षार असतात, म्हणून ते तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका.

चिंच नसेल तेव्हा

लिंबाची अर्धी फोड मिठात बुडवून फिरवली की लहान तांब्या चिंचेहूनही लवकर उजळतो. पिळून झालेल्या फोडी फ्रीजमध्ये साठवल्या तर आठवड्याच्या पूजेच्या भांड्यांना पुरतात. लिंबाचं काम जलद होतं, तसे त्याचे डागही जलद पडतात. लावल्यावर तिथून उठू नका.

कोकणात आमसुलं आहेत. सोलकढी करून उरलेल्या आमसुलांचा चोथा थेट भांड्यावर चोळता येतो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ वेगळं घालायची गरज नाही, त्यात ते असतंच. चैत्र-वैशाखात कैरीच्या साली, गोव्यात बिमलं, कुठे आंबट ताक, असं ज्या त्या घरात जे असेल ते चालतं. ताक मात्र सौम्य असल्यामुळे त्यात भांडं अर्धा तास बुडवून ठेवावं लागतं. परदेशात चिंच हाताशी नसेल तर टोमॅटोचं केचप लावा; त्यात आंबट, व्हिनेगर आणि मीठ तिन्ही असतं, आणि घट्ट असल्याने ते उभ्या बाजूवरून ओघळत नाही.

मला विचाराल तर पहिली पसंती चिंचेलाच. ती भांड्याला धरून राहते, फार तिखट नाही, आणि चोथ्यामुळे दुसरी घासणी लागत नाही.

हिरवा थर आला असेल तर

हिरवट-निळसर थर काळ्यापेक्षा गंभीर समजा. ओलावा, आंबट किंवा मीठ बराच काळ लागून राहिलं की तो धरतो, आणि तो पोटात जाणं चांगलं नाही. कोरडा खरवडू नका, भुकटी नाकातोंडात जाते. भांडं ओलं करून, हातमोजे घालून, आधी साबणाच्या पाण्याने पुसा. मग चिंच-मिठाची संपूर्ण कृती, लागली तर दोनदा. हिरवं गेल्यावर खाली खड्डे किंवा खडबडीत जागा दिसत असतील तर ते भांडं पिण्याच्या पाण्याला वापरू नका. त्या खड्ड्यांत पुन्हा हिरवं धरत राहील. फुलं ठेवा, सजावटीला ठेवा.

अरुंद तोंडाच्या बाटल्या

बाटलीत हात जात नाही म्हणून ती बाहेरून चकचकीत आणि आतून काळी राहते. एका लिंबाचा रस, एक मोठा चमचा मीठ आणि पाव बाटली कोमट पाणी घाला, मूठभर कच्चे तांदूळ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. तांदूळ आतल्या भिंतीला घासले जातात आणि कोपऱ्यातलं निघतं. ओतून टाका, तीन-चार वेळा खळबळून धुवा, सोड्याच्या पाण्याचा एक हात द्या आणि झाकण न लावता उलटी करून पूर्ण वाळू द्या. झाकणातली रबरी चकती काढून वेगळी धुवा. तिच्याखालीच हिरवं साठतं.

नाव घातलेली, हाताने ठोकलेली भांडी

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत होती. ती अक्षरं टोच्याने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली, खोली अगदी थोडी. रांगोळी, विटेची भुकटी, तारेची घासणी यांनी दर दिवाळीला घासत गेलं की पणजीचं नाव हळूहळू पुसट होत नाहीसं होतं. रांगोळीत दगडाची भुकटी असते आणि तिचे टणक कण तांब्याला खातात.

मठारकामाचंही तसंच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हे काम चालत आलं आहे. तांबट हातोडीने एकेक ठोका देत भांड्यावर चकाकत्या खुणांच्या ओळी उठवतो. त्या ठोक्यांनी भांडं देखणं तर होतंच, शिवाय पत्रा टणक होतो. त्या खुणांच्या कडा बोथट झाल्या की भांड्याचा चेहराच जातो.

अशा भांड्यांना घासायचंच नाही. अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर आणि चमचाभर मीठ घ्या, त्यात मावेल तेवढी कणीक किंवा बेसन घालून सरसरीत लेप करा. बोटांनी लावा, दहा मिनिटं ठेवा, वाळायच्या आत कोमट पाण्याने उतरवा. अक्षरांच्या खाचेत थोडं काळं राहिलं तर राहू द्या. त्या काळेपणामुळेच नाव वाचता येतं.

बंब आणि पांढरे क्षार

पाणी तापवायच्या बंबात किंवा घंगाळात आतून पांढरा, खडबडीत थर बसतो. तो जड पाण्यातला चुन्याचा क्षार. त्यालाही आंबटच लागतं, फक्त वेळ जास्त. निम्मं व्हिनेगर आणि निम्मं गरम पाणी थराला टेकेल इतकं भरून अर्धा तास ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. लाकडी उलथन्याने सुटेल तेवढं काढा, पुन्हा भरा. सुरीने टोकरू नका, जुन्या बंबाचे डाख, म्हणजे सांधे जोडलेल्या जागा, त्याने उचकटतात.

बंबाच्या बाहेर आणि चुलीवरच्या भांड्याच्या बुडाशी काजळी असेल तर तिच्यावर चिंच चालत नाही. खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावून ठेवा, नारळाच्या शेंडीने घासून काढा, धुवा, मग चिंच.

पाणी पिण्याची आणि ठेवणीची भांडी

रोज रात्री पाणी भरत असाल तर सकाळी भांडं रिकामं करून साध्या पाण्याने धुवा आणि पुसून ठेवा. चिंच-लिंबू आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरे. प्रत्येक उजळणीत थोडं तांबं विरघळून जातंच, रोज आंबट लावून भांडं झिजवू नये. आंबटाने धुतल्यावर पहिल्यांदा भरलेलं पाणी ओतून द्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं असू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही, पण त्यात लिंबू पिळून ठेवायचं नाही. ताक, कढी, सार, लोणचं कल्हई नसलेल्या तांब्यात कळकतं आणि ते खाल्लं तर मळमळतं, उलट्या होतात.

माळ्यावर ठेवायची भांडी पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळा. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने तांब्यावर काळे पट्टे उठतात. शोभेच्या वस्तूला बाहेरून खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात दिला तर चकाकी जास्त टिकते. बोटांचे ठसे घामातल्या क्षारामुळे काळे पडतात, म्हणून गुढीवर पालथा घालायचा तांब्या उजळल्यावर तो कापडाने धरूनच उचला.

कल्हईची भांडी

आतली बाजू नेहमी कोमट पाणी, साबण आणि मऊ कापड यांनीच धुवा. करपलं असेल तर पाणी घालून मंद उकळा, आपोआप सुटेल. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही आणि त्यात कोरडं भाजायचंही नाही. कल्हई काळपट-करडी पडणं ठीक आहे. आतून तांब्याचा लाल रंग डोकावू लागला की मात्र नवी कल्हई करून घ्या, तोवर त्यात आंबट शिजवू नका.

दारावर येणारे कल्हईवाले आता क्वचित दिसतात, पण जुन्या गावांच्या भांडी बाजारात चौकशी केली तर माणूस मिळतो. त्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको, आणि जमलं तर समोर उभं राहून काम करून घ्या. भांडं तापवून, नवसागराची पूड टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताना बघणं हा सुंदर अनुभव आहे. मुलांना सोबत न्या, फक्त धुरापासून लांब उभं करा. घरी आणल्यावर भांडं साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, एकदा त्यात पाणी उकळून ओतून द्या, मग त्यात पहिला वरण-भात लावा.